डेटा जातो कुठे?

३ फेब्रुवारी, सोमवार

दौऱ्याचा पहिला दिवस. तीन गावं, तीन प्रदर्शनं आणि सोबतीला भाऊजी. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत त्यांनी मला माणसं कशी ओळखावीत आणि माल कसा खपवावा यावर व्याख्यान दिलं. आम्ही भरतकामाची यंत्रं विकतो. यंत्र ते विकतात, हे खरं. पण गिऱ्हाईक थांबतं ते माझ्या नक्षीपाशी, हे त्यांना कोण सांगणार? बारा वर्षं संगणकावर नक्ष्या काढतेय. पानं, फुलं, शाळांची बोधचिन्हं, हॉटेलांच्या टॉवेलवरची अक्षरं. सगळं या एका लॅपटॉपमध्ये आहे. म्हणून तर मला बरोबर आणलंय. गिऱ्हाइकाने तोंड उघडायचं आणि मी जागच्या जागी नक्षी बदलून द्यायची.

साहेबांनी (नवऱ्याला तोंडावर 'अहो' म्हणते, मनात साहेब) काल संध्याकाळी लॅपटॉप स्वतः मांडीवर घेऊन साफ करून दिला. व्हायरस येऊ नये म्हणून काहीतरी नवीन टाकलंय म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! डोंगलही त्यांनीच पिशवीत ठेवला. "नेट चालूच ठेवत जा. बंद केलंस की परत लागायला त्रास देतं." इतकं जपणारा माणूस, आणि त्याचा हा भाऊ. एका आईची मुलं आहेत यावर विश्वास बसत नाही.

लॉजची खोली ठीक आहे. खिडकी भिंतीकडे उघडते. बोलायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते मी विसरणार नाही.

डोंगलला रोजचा ठरावीक डेटा मिळतो. तो संपला की नेट मरत नाही, पण सरपटायला लागतं. काल दुपारीच संपला. आज तर अकरालाच संपला. एका शिंप्याला त्याच्या दुकानाचं नाव तीन वळणांत लिहून दाखवायचं होतं. नक्षी तयार, मेलला जोडलेली, आणि ते चक्र आपलं गरगर फिरतंय. शिंपी उभा. त्याच्या मागे आणखी चार जण.

भाऊजी आले, डोंगल हातात घेऊन त्याच्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, लॉजवर मालिका बघता की काय हो?"

माणसं हसली. शिंपीसुद्धा.

"मी मेलशिवाय काही उघडलेलं नाही," मी म्हटलं.

"मग डेटा जातो कुठे? पाय फुटतात त्याला?"

पुन्हा हशा. मग त्यांनी साहेबांना फोन लावला, तोही स्पीकरवर. साहेब आपले समजुतीने म्हणाले, "अगं, जरा बेताने वापर. घरी नाही आपण." त्यांच्यावर राग नाही. त्यांना काय माहीत इथे काय चाललंय.

शिंपी "नंतर येतो" म्हणून गेला तो गेलाच. अंगाचा नुसता तिळपापड झाला. चोरी केली असती तर ऐकून घेतलं असतं. न केलेल्याचं मी कोणाचं ऐकून घेत नाही. भाऊजींना बघून घेईन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीला फोन केला. ती वसतिगृहात असते, तिला या गोष्टी पाठ.

"आई, सेटिंग उघड. नेटवर्कमध्ये जा. आता डेटा वापर असं दिसतंय? त्यावर क्लिक कर. कुठल्या प्रोग्रामने किती खाल्लं त्याची यादी येईल."

आली. माझा मेल तळाला होता, चिमणीच्या घासाएवढा. सगळ्यात वर एक नाव होतं, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी मिळून खाल्लं त्याच्या कितीतरी पट एकट्या त्याने खाल्लं होतं.

"हा काय प्रकार आहे?"

"हा फोल्डर जुळवणारा प्रोग्राम आहे गं. तुझ्या एखाद्या फोल्डरमध्ये जे असेल ते दुसऱ्या संगणकांवर तसंच्या तसं पाठवत राहतो. तू टाकलास?"

"मी कशाला टाकू?"

तिने सांगितलं तसं खाली कोपऱ्यातल्या निळ्या ढगावर टिचकी मारली. फोल्डर कोणता? माझा नक्ष्यांचा. सगळा. टाक्यांच्या फायली लहानच असतात, पण मी प्रत्येक नमुन्याचे मोठाले फोटो काढून ठेवते, तेच सगळा डेटा गिळत होते. पाऊण फोल्डर गेलाही होता. कुठे? दोन ठिकाणी. एक ऑफिसचा संगणक, तो तर असायचाच, आमचं सगळंच तिकडे असतं. आणि दुसरा भाऊजींचा लॅपटॉप.

दोन्ही नावं कागदावर उतरवून घेतली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत समोरच्या स्टॉलवर गेले. तोही यंत्रंच विकतो. उन्हातान्हात गळ्यात टाय, म्हणून मी त्याला टायवाला म्हणते. भाऊजी दिवसातून चारदा त्याच्याकडे चहाला जातात. त्याच्या टेबलावर नमुन्याचं कापड पसरलं होतं. त्यावर माझी पानं. या प्रदर्शनासाठी महिनाभर खपून काढलेली वेल, जी अजून मी कोणाला दाखवलीही नव्हती. एका पानाचा देठ मी चुकून उलटा वळवला होता, तोसुद्धा तसाच.

"सुंदर आहे," मी म्हटलं. "कोणी काढली?"

"आमच्या डिझायनरने," टायवाला म्हणाला.

हसून परत आले. आता कळलं डेटाला पाय कोणाचे फुटले ते. चोरायचं माझं, आणि वर चारचौघांत मलाच उधळी ठरवायचं!

साहेबांना सांगणार नाही. त्यांचा भावावर जीव आहे, मोडून पडतील. हे माझं मी बघेन.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं गाव. हॉल मोठा, पंखे बंद. टायवाला इथेही समोरच.

लेकीकडून सगळं शिकून घेतलं. आता ही जोडणी 'मोजणीची' करून ठेवलीय. म्हणजे लॅपटॉप प्रत्येक थेंब विचारून वापरतो. अपडेट बंद, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद, पाठीमागे लपूनछपून चालणारं सगळं बंद. लागणारी चित्रं लॉजच्या फुकट नेटवर सकाळीच उतरवून घेते. मेलला फोटो जोडायचे ते आधी लहान करून. निळा ढग थांबवलेला. तोही पूर्ण बंद नाही, नुसता थांबवलेला. मला हवं तेव्हा, हवं तेवढंच सोडता येतं. नळ आता माझ्या हातात आहे.

आज दिवसअखेर निम्म्याहून जास्त डेटा शिल्लक होता. भाऊजींच्या नाकासमोर डोंगल धरला. "बघा. मालिका सोडल्या मी."

ते ओशाळं हसले. "वहिनी, तुम्ही मनावर घेतलंत होय ते?"

नाही हो. मनावर कशाला घेऊ? जपून ठेवलंय फक्त.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "नेट बंद ठेवलंयस का?" मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "अगं, दिवसभर तुझा मेसेज नाही. करमत नाही." लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर हे ऐकायला मिळालं! फोन ठेवल्यावर उगाच आरशात बघितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

संधी आपल्या पायांनी चालत आली.

गणवेशांच्या कारखान्याची मालकीणबाई आली होती. ठेंगणी, आवाज करडा, प्रत्येक कापड उलटं करून मागची बाजू बघते. तिला एका जहाज कंपनीच्या गणवेशासाठी बिल्ला भरून हवाय: गलबत, त्याखाली दोन लाटा. हेच काम तिने टायवाल्यालाही सांगितलंय. बुधवारी दुपारी दोन्ही स्टॉलवर तिच्यासमोर बिल्ला भरायचा. ज्याचा चांगला, त्याच्याकडून यंत्रं घेणार, एकदोन नाही, अख्खा कारखाना भरेल इतकी.

ती गेल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, बिल्ला झाला की त्या फोल्डरमध्येच ठेवा हं. इकडेतिकडे नको."

"ठेवते की," मी म्हटलं. "तिथेच ठेवते."

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोन गलबतं केली.

एक चांगलं. शीड हलकं, लाटांचे टाके वळणाबरोबर वळणारे, खाली आधाराचे टाके नीट. हे पेनड्राइव्हवर घेतलं आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला.

दुसरं दिसायला हुबेहूब तेच. पण खालचा आधार काढून टाकला, आणि शिडात टाक्यांवर टाके रचले. एकाच जागी सुई इतक्या वेळा खुपसायला लावली की कापडाने श्वास कुठून घ्यायचा? पडद्यावर काही कळत नाही. पडद्यावर ते जास्तच देखणं दिसतं, भरगच्च. कळतं ते यंत्र चालू झाल्यावर. कापडाला चुण्या पडतात, खाली दोऱ्याचा गुंता होतो, यंत्र कुरकुरतं आणि बंद पडतं. सगळ्यांसमोर.

दुसरं फोल्डरमध्ये ठेवलं. नळ उघडला. फाईल एवढीशी, डोळ्याची पापणी लवायच्या आत गेली. नळ बंद केला. निळ्या ढगावर हिरवी खूण आली तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

समोर भाऊजी टायवाल्याच्या स्टॉलवर चहा पीत होते. प्या. साखर जास्त घाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

क्लिनिकच्या बाकावर बसून लिहितेय. भाऊजी आत आहेत.

पहिली पाळी आमची. आमच्या यंत्रावर गलबत सरळ गेलं. मालकीणबाईने कापड उलटं केलं, मागून बोट फिरवलं आणि घडी करून पिशवीत टाकलं. मग समोर. मीही मागोमाग गेले. मला बघायचंच होतं. टायवाल्याच्या यंत्रापाशी गर्दी, आणि गर्दीत सगळ्यांत पुढे आमचे भाऊजी. स्वतःचा स्टॉल सोडून!

यंत्र सुरू झालं. लाटा ठीक झाल्या. शीड सुरू झालं आणि पहिल्या काही सेकंदांतच कापड आकसायला लागलं. चूण, चुणीवर चूण. यंत्राचा आवाज बदलला. कोणीतरी हसलं. टायवाल्याचा चेहरा त्याच्या टायसारखाच लाल. मी मनात म्हटलं, अजून, अजून थोडं.

"बंद करा, बंद करा," म्हणत भाऊजी पुढे वाकले, कापड मोकळं करायला.

कट्कन आवाज झाला. सुई मोडली. भाऊजींनी चेहऱ्यावर हात दाबला आणि खाली बसले. बोटांमधून रक्त.

टायवाला त्यांना उठवायचं सोडून ओरडत होता, "असला माल देता? दोघं भाऊ मिळून फसवता? माझ्याकडे कामाला यायचं नाही आता, सांगून ठेवतो! तुझ्या दादाला सांग, सौदा मोडला!"

मला त्यातलं निम्मं समजलं नाही. तेव्हा समजून घ्यायच्या मनःस्थितीतच नव्हते. रुमाल दाबून त्यांना इथे घेऊन आले. रस्ताभर ते एकच विचारत होते, "वहिनी, डोळा आहे ना?"

डॉक्टर आत्ताच बाहेर येऊन सांगून गेले. डोळा वाचला. सुईचा तुकडा डोळ्याच्या खाली, हाडावर लागला. तीन टाके पडलेत.

मला कापड बिघडवायचं होतं. यंत्र बंद पाडायचं होतं. एवढंच.

त्याच दिवशी, लॉजवर परतल्यावर

भाऊजी गाडीत बोलले. पट्टीमुळे एकाच डोळ्याने माझ्याकडे बघत.

"दादा म्हणाला होता, वहिनीशी सगळं बोलणं झालंय. तिला चष्म्याशिवाय टाका दिसत नाही, तिलाच हे काम नको झालंय. सगळ्या नक्ष्या आणि धंदा त्या समोरच्या स्टॉलवाल्याला देऊन मोकळं व्हायचं. मला त्याच्याकडे नोकरी ठरली होती. म्हणून तर मी देत होतो त्याला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तुम्ही लपून घेत होता," मी म्हटलं. "माझ्या लॅपटॉपमध्ये ते टाकलंत."

"मी? मला साधा पासवर्ड बदलता येत नाही, वहिनी. आणि माहीत असतं तर मी तुम्हाला चारचौघांत डेटा कुठे जातो म्हणून विचारलं असतं का?"

खोटारडा. सापडला की माणूस पहिलं नाव घरातल्याचंच घेतो. दादावर ढकलतोय, ज्या दादाने याला लहानाचं मोठं केलं.

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आपल्या यंत्रावर चाललं ते गलबत आणि तिकडचं, एकच होतं ना?"

"एकच," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं. नाही कळलं त्यांना. बरंच झालं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साहेबांचा फोन. मी काल संध्याकाळीच त्यांना सगळा प्रसंग कळवला होता. डोळा, टाके, रक्त. नळ तेवढा पक्का बंद करून झोपले होते.

"हो, वाचलं मी," ते म्हणाले. "बरं ते असू दे. लॅपटॉप उघडा आहे? खाली कोपऱ्यात तो निळा ढग आहे ना, त्याच्यावर काही लाल खूण आलीय का बघ. नेट चालू कर आणि एक तासभर तसाच ठेव. थोडंच राहिलंय."

मी विचारलं, "काय थोडं राहिलंय?"

"अगं, ते... बॅकअप. तुझ्याच भल्यासाठी."

निळ्या ढगाबद्दल मी त्यांना एका शब्दाने कधी बोललेले नाही. भावाच्या डोळ्याबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

दिवसभर स्टॉलवर उभी होते. काय बोलले, कोणाशी बोलले, आठवत नाही. एकदा दोरा ओवायला गेले आणि सुईच्या भोकाशी हात थांबला. मला टाका दिसत नाही म्हणे. मला टाका दिसतो. मला एवढा उंचापुरा माणूस दिसला नाही. करमत नाही म्हणाला, आणि मी आरशात बघायला गेले!

भाऊजींना सांगायला हवं होतं आज. तीनदा त्यांच्यापाशी गेले. तीनदा पाणी दिलं आणि परत आले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकीणबाई सकाळी आली. परवाचं आमचं कापड तिच्या पिशवीत घडी करून होतं. "हे कोणी काढलं?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून भाऊजी म्हणाले, "वहिनींनी. आमच्याकडे सगळं त्याच काढतात."

तिला यंत्रं हवीत. आणि नक्ष्या काढणारी बाईही हवीय, कायमची. यंत्रं सांभाळायला ती जाणणारा एक माणूस लागेल का, हे मी विचारलं. पट्टीकडे बघत ती म्हणाली, "हा पडला नाही ना पुन्हा यंत्रावर, तर चालेल." भाऊजी हसले. हसताना टाका ओढला गेला आणि त्यांनी गाल धरला. मला दुसरीकडे बघावं लागलं.

दुपारी खोलीत आले आणि लेकीला फोन लावला.

"आई, काय झालंय? आवाज असा का येतोय?"

"भेटल्यावर सांगते. मला एवढंच सांग, त्या फोल्डरमधून मी इकडे काही पुसलं तर तिकडे काय होतं?"

"तिकडूनही जातं. दोन्हीकडे सारखं ठेवणं हेच तर त्याचं काम. म्हणून जपून हं. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घे. आणि खरंच घालवायचं असेल तर खात्यातली कचऱ्याची टोपलीपण रिकामी करावी लागते, नाहीतर कोणीही परत काढतं."

"बरं."

"आई, कोणाच्या संगणकावरून?"

"जेवलीस का?" मी विचारलं.

सगळ्या नक्ष्या बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. उघडून तपासल्या. पानं, फुलं, शाळा, टॉवेल, चांगलं गलबत. मग फोल्डर उघडला, सगळं एकदम निवडलं आणि पुसलं. डोंगल लावला. मोजणी काढून टाकली. सगळे निर्बंध काढले. नळ पुरता उघडा केला. खा म्हटलं, आज पोटभर खा.

नक्ष्या वर चढायला दिवसच्या दिवस लागले होते, दिवसाचा डेटा पुरत नव्हता. मला वाटलं आताही तासभर बसावं लागेल. चहा मागवून ठेवला होता. ढग एकदा फिरला, हिरवी खूण आली. टोपली रिकामी केली. पुन्हा यादी उघडून बघितली, किती गेलं म्हणून. आकडा जेमतेम हलला होता. पुसायला डेटा जवळजवळ लागतच नाही.

चहा अजून गरम आहे. फोन वाजतोय. त्याचाच. तिसऱ्यांदा.

वाजू दे.